बारमाही सर्दी आणि उजवीकडचं हृदय: कारण एकच कसं?

भाच्याला जन्मापासून सर्दी-खोकला आहे, एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसलं आणि डॉक्टर म्हणतात दोन्हींचं मूळ एकच. हे पटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण असं खरंच असतं. कार्टागेनर या स्विस डॉक्टरांनी 1933 मध्ये ही जोडी नोंदवली. कारण मात्र 1976 मध्ये अफझेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञांना सापडलं: पक्ष्माभिकांतला (सिलिया, म्हणजे पेशींवरचे केसासारखे हलणारे सूक्ष्म धागे) जन्मजात दोष.

श्वासनलिकेच्या अस्तरातल्या एकेका पेशीवर साधारण 200 पक्ष्माभिका असतात, जेमतेम 6-7 मायक्रॉन लांबीच्या. धूळ, जंतू अडकलेला कफ त्या घशाकडे ढकलतात. जाताना ताठ, त्यामुळे टोक कफात रुततं. परतताना वाकून, खालच्या पातळ द्रवातून. म्हणून कफ एकाच दिशेला सरकतो.

पक्ष्माभिकेच्या आडव्या छेदात कडेने नळ्यांच्या 9 जोड्या आणि मधोमध 2 सुट्या नळ्या दिसतात. जोड्यांवर डायनीन या प्रथिनाचे हात असतात. एटीपीच्या, म्हणजे पेशीतल्या इंधनाच्या, जोरावर ते शेजारच्या जोडीला सरकवू पाहतात, पण जोड्या बुडाशी आणि एकमेकींशी बांधलेल्या, त्यामुळे पक्ष्माभिका वाकते. 1971 मध्ये समर्स आणि गिबन्स यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या शुक्राणूंच्या शेपट्यांचे तुकडे घेतले (रचना हीच), ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने हे बांध तोडले आणि एटीपी घातलं. तुकडे वाकले नाहीत. जोड्या घसरत बाहेर आल्या आणि तुकडा लांबतच गेला. इतका देखणा प्रयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

आता हृदय. अगदी सुरुवातीच्या गर्भात मध्यरेषेवर एक खळगा असतो. तिथल्या पक्ष्माभिकांत मधल्या 2 नळ्या नसतात. त्या गोल फिरतात आणि गर्भाच्या शेपटीकडच्या टोकाकडे कललेल्या असल्याने द्रव डावीकडे वाहतो. त्या प्रवाहावरून डावं-उजवं ठरतं. जपानी संशोधकांनी 2002 मध्ये उंदराच्या गर्भांवर उलटा प्रवाह सोडला, तर अवयवांची मांडणीच उलटली! जन्मतः डायनीनचे हात नसले की श्वासनलिकेतला कफ सरकत नाही, आणि गर्भातही प्रवाह नाही, म्हणजे बाजू नशिबावर. म्हणून या आजाराच्या सुमारे निम्म्याच रुग्णांत अवयव उलटे असतात. दोष फक्त मधल्या नळ्यांत असेल, तर कफाचा त्रास होतो पण हृदय डावीकडेच राहतं.

निदान पक्कं करायला नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूची, पेशींची आणि जनुकांची तपासणी करतात. कफ बाहेर काढायची फिजिओथेरपी मात्र रोज हवी, आणि खोकला दाबणारं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका: पक्ष्माभिका काम करत नसताना छाती मोकळी करायला भाच्याकडे खोकलाच आहे.