फुकट मिळालेले प्लग-इन, नवा मालक आणि जुना परवाना

प्रश्न : मी व्यावसायिक छायाचित्रकार आहे. २०१६ च्या अखेरीस मी ‘निक कलेक्शन’ हा प्लग-इनचा (फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरला जोडून वापरायच्या छोट्या प्रोग्रॅमचा) संच गूगलच्या संकेतस्थळावरून विनामूल्य डाउनलोड केला आणि आजही तीच आवृत्ती वापरतो. आता हा संच दुसऱ्या कंपनीच्या मालकीचा असून तो विकत घ्यावा लागतो. माझ्या एका ग्राहक कंपनीने मी वापरत असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचे खरेदीबिल मागितले आहे. माझ्याकडे या संचाचे बिल नाही. शिवाय जपून ठेवलेल्या इन्स्टॉलर फाइलवरून २०१९ मध्ये मी तो सहायकाच्या संगणकावरही बसवला. माझा वापर बेकायदेशीर ठरतो का? एकदा फुकट वाटलेली वस्तू नवा मालक विकू शकतो का? आणि जुन्या वापरकर्त्याला नवी आवृत्ती विनामूल्य मागता येईल का?

उत्तर : आपल्या स्वतःच्या संगणकावरील जुन्या आवृत्तीचा वापर माझ्या मते वैध परवान्यावर उभा आहे, आणि केवळ बिल नाही म्हणून तो बेकायदेशीर ठरत नाही. नव्या मालकाला नवी आवृत्ती विकण्याचा पूर्ण अधिकार आहे व ती फुकट मागण्याचा हक्क आपल्याला नाही. आपल्या प्रश्नातील खरी अडचण सहायकाच्या संगणकावरची प्रत ही आहे, बिल ही नव्हे.

प्रथम घटनाक्रम पाहू, कारण अशा प्रकरणात तारखांनाच पुराव्याचे मोल येते. निक सॉफ्टवेअर ही कंपनी गूगलने सप्टेंबर २०१२ मध्ये विकत घेतली. २०१३ मध्ये संपूर्ण संचाची किंमत १४९ डॉलरपर्यंत खाली आणली गेली आणि मार्च २०१६ मध्ये तो सर्वांसाठी विनामूल्य झाला. त्या वर्षात ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परत करण्याचेही गूगलने जाहीर केले. पुढे २०१७ मध्ये, यापुढे सुधारणा होणार नाहीत असे सांगण्यात आले, त्याच वर्षी ऑक्टोबरात डीएक्सओ या फ्रेंच कंपनीने संच विकत घेतला आणि जून २०१८ मध्ये स्वतःची पहिली सशुल्क आवृत्ती बाजारात आणली. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात जुनी विनामूल्य आवृत्ती नव्या मालकाच्या संकेतस्थळावरूनही मिळत होती. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी; तिचा आपल्याला उपयोग आहे.

‘फुकट दिले म्हणजे हक्क सोडला’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमला वाङ्मयीन कृतीप्रमाणे स्वामित्वहक्काचे संरक्षण द्यावे, हे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक कराराच्या दहाव्या अनुच्छेदाने मान्य केले आहे, आणि त्या हक्काचा किंमतीशी संबंध नाही. गूगलने २०१६ मध्ये संच दिला तेव्हा मालकी दिली नाही. वापरण्याची परवानगी दिली आणि तिचा मोबदला घेतला नाही, एवढेच घडले. खुल्या स्रोताच्या सॉफ्टवेअरची गोष्ट याहून वेगळी असते. तेथे मूळ संकेत (सोर्स कोड) बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा परवान्यातच लिहिलेली असते, त्यामुळे मालक बदलला तरी आधी दिलेली आवृत्ती लोकांच्या हाती राहते व कोणीही ती पुढे नेऊ शकतो. निक कलेक्शन त्या वर्गात कधीच नव्हते. आणि विनामूल्य परवान्याच्या अटी बंधनकारक नसतात असेही कोणी समजू नये : जेकबसन विरुद्ध कॅट्झर या २००८ च्या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने विनामूल्य परवान्यातील अटींचा भंग हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो असे म्हटले, आणि तो सारा वाद खेळण्यातल्या आगगाड्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून झाला होता.

आता मालकी बदलल्याचा परिणाम. घर विकले गेल्याने आतला भाडेकरू आपोआप घुसखोर होत नाही, आणि तेच तत्त्व थोड्याफार फरकाने येथेही लागू होते. विकणाऱ्याकडे जेवढे होते तेवढेच घेणाऱ्याला मिळते; आधी दिलेल्या परवान्यांचा भार त्या मालमत्तेबरोबर येतो. जर्मनीच्या लेखकहक्क कायद्याचे कलम ३३ हे जवळजवळ थेटपणे सांगते. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातील कलम ९०(४) नुसार परवाना पुढच्या मालकावरही बंधनकारक असतो. अपवाद फक्त अशा खरेदीदाराचा, ज्याने सद्भावनेने, मोल देऊन आणि परवान्याची काहीही कल्पना नसताना हक्क घेतला. हा संच जगभर विनामूल्य वाटला गेला आहे हे ठाऊक असल्याशिवाय कोणी तो विकत घेतला असेल, असे कोणतेही न्यायालय मानणार नाही. घेतल्यानंतर काही काळ नव्या मालकाने स्वतःच तो तसाच उपलब्ध ठेवला होता, हे तर त्याच्या जाणिवेचे उघड चिन्ह आहे. अमेरिकेत मात्र स्वामित्वहक्क कायद्याचे कलम २०५ परवाना लेखी व स्वाक्षरीनिशी असावा अशी अपेक्षा ठेवते, त्यामुळे तेथे हाच युक्तिवाद अधिक तांत्रिक होतो. आपला परवाना कोणत्या देशाच्या कायद्याखाली येतो, हे त्याच्या मजकुरात शेवटाकडे दिलेले असते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विनामोबदला दिलेला परवाना मागे घेता येतो का, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो पोकळ नाही. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात मोबदल्याशिवाय दिलेली साधी परवानगी देणारा वाजवी पूर्वसूचना देऊन मागे घेऊ शकतो, अर्थात परवान्यात ती कायमस्वरूपी असल्याचे लिहिले नसेल तर. पण मागे घेणे ही एक कृती आहे आणि ती आपल्यापर्यंत पोहोचावी लागते. नवी आवृत्ती सशुल्क करणे म्हणजे जुन्या प्रतींची परवानगी रद्द करणे नव्हे. आणि उद्या तशी सूचना आलीच तरी तिचा परिणाम त्या दिवसापासून पुढे होईल. आजवर आपण संपादित केलेली छायाचित्रे मागाहून दूषित होत नाहीत. त्या छायाचित्रांचा स्वामित्वहक्क आपला किंवा करारानुसार आपल्या ग्राहकाचा आहे आणि प्लग-इनच्या मालकाचा त्यांच्याशी संबंध नाही. ग्राहक कंपनीच्या मनात बहुधा हीच भीती असते, म्हणून ती आपण न विचारता दूर करावी.

नव्या आवृत्तीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आज विनामूल्य देणे म्हणजे कायम विनामूल्य देण्याचे वचन नव्हे, आणि तसे वचन असल्याखेरीज त्यावर विसंबून आपले नुकसान झाले असे म्हणता येत नाही. युरोपीय संघाचा २०१९ चा डिजिटल सामग्रीविषयक निर्देश विक्रेत्यावर सुधारणा पुरवण्याची जबाबदारी टाकतो, पण तो ग्राहक म्हणून घेणाऱ्यांसाठी आहे, व्यावसायिकांसाठी नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासूनच्या पुरवठ्याला लागू आहे. फोटोशॉपच्या किंवा संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत जुना संच चालेनासा झाला तर कोणाकडे दाद मागता येणार नाही. उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिना या अ‍ॅपलच्या ऑपरेटिंग सिस्टिमने ३२-बिट (जुन्या रचनेचे) सॉफ्टवेअर चालवणे बंद केले. त्याचा दोष प्लग-इनच्या मालकावर टाकता येत नाही.

आता सहायकाचा संगणक. बहुतेक कायदे वैध धारकाला राखीव प्रत ठेवू देतात : भारतात स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२(१)(कक), अमेरिकेत त्याच विषयाच्या कायद्याचे कलम ११७, युरोपात २००९ च्या सॉफ्टवेअर निर्देशाचा पाचवा अनुच्छेद. म्हणून इन्स्टॉलर फाइल जपून ठेवण्यात गैर काही नाही, आणि आपला जुना संगणक बदलून नव्यावर तोच संच बसवला व जुन्यावरचा काढून टाकला तर त्यालाही सहसा हरकत नसते. पण राखीव प्रत ही नुकसान झाल्यास वापरायची असते. दुसऱ्या माणसाला कामासाठी द्यायची नव्हे. २०१९ मध्ये सशुल्क आवृत्ती बाजारात होती आणि त्या काळात आपण एक अधिकची प्रत तयार करून व्यवसायात वापरली. ‘कोणालाही फुकट मिळत होते, मग त्याने घेतले काय आणि मी दिले काय’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, परंतु वाटपाचा हक्क मालकाचा असतो आणि तो त्याने आपल्याला दिलेला नव्हता. युरोपीय न्यायालयाचा २०१२ चा यूज्डसॉफ्ट निकाल अनेकजण पुढे करतात. त्यात पुनर्विक्रीची मुभा होती खरी. पण ती पैसे भरून घेतलेल्या, कालमर्यादा नसलेल्या परवान्यापुरती होती आणि विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत निरुपयोगी करावी अशी अट होती. आपल्या प्रकरणात यातले काहीच जुळत नाही. परवान्याच्या मजकुरात एका वापरकर्त्याला किंवा एका संस्थेला एकाहून अधिक संगणकांवर संच बसवण्याची मुभा स्पष्टपणे दिलेली असेल, तरच माझे मत बदलेल. सहायकाने २०१६-१७ मध्ये तो स्वतः डाउनलोड केला असता तर त्याची स्थिती आपल्यासारखीच भक्कम राहिली असती.

ग्राहक कंपनीला उत्तर देण्यापूर्वी तिच्याशी झालेल्या करारातील कलम शब्दशः वाचावे. तेथे ‘वैध परवाना’ असे लिहिले असेल तर बिलाची मागणी ही केवळ पुरावा मागण्याची एक सोयीची रीत आहे आणि दुसरा पुरावा देता येतो. ‘खरेदी केलेला परवाना’ असे लिहिले असेल तर मात्र त्या अटीत सवलत मागावी लागेल. पुराव्यासाठी मूळ इन्स्टॉलर फाइल हात न लावता वेगळी ठेवावी. विंडोजवर त्या फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले आणि तेथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग दिसत असेल, तर फाइल कोणत्या कंपनीने स्वाक्षरित केली ते नाव व सोबत काळमुद्रा (वेळेची नोंद) असल्यास तिची तारीख मिळते. ही तारीख स्वाक्षरीची असते, आपल्या डाउनलोडची नव्हे. तरीही फाइल कोणी बनवली आणि ती बदललेली नाही हे त्यातून कळते. फोल्डरमध्ये दिसणारी तारीख फाइल एका डिस्कवरून दुसरीवर नेताना बदलू शकते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नये. त्या काळातील एखादा ईमेल, ब्राउझरचा इतिहास, जुना बॅकअप, किंवा त्या वर्षी या प्लग-इनने केलेल्या कामाची फाइल असेल तर ती जोडावी. संच विनामूल्य केल्याच्या सार्वजनिक घोषणेची छापील प्रत आणि इन्स्टॉल करताना दिसणारा परवान्याचा पूर्ण मजकूर ही दोन कागदपत्रे तर हवीतच.

पत्राचा मजकूर साधारण असा असावा : ‘सदर प्लग-इन संच मी २०१६ मध्ये तत्कालीन हक्कधारकाने सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध केला असताना त्याच्याच संकेतस्थळावरून घेतला. त्याचा परवाना विनामोबदला असल्याने खरेदीबिल अस्तित्वात नाही. परवान्याचा मजकूर, घोषणेची प्रत व फाइलच्या स्वाक्षरीचा तपशील सोबत जोडला आहे. या संचाने संपादित केलेल्या छायाचित्रांवर प्लग-इनच्या हक्कधारकाचा कोणताही अधिकार नाही.’ यापेक्षा अधिक लिहू नये. विशेषतः आज नवी आवृत्ती विकत घेऊन तिचे बिल जुन्या कामाचे म्हणून दाखवण्याचा सल्ला कोणी देईल. तो मानल्यास आज जो केवळ कागदाचा प्रश्न आहे त्याचे रूपांतर फसवणुकीच्या आरोपात होईल. त्याचप्रमाणे चाचणी आवृत्तीची मुदत काढून टाकलेली फाइल कोणी देऊ केली तर ती घेऊ नये, कारण तांत्रिक संरक्षण फोडणे हा १९९६ च्या जागतिक स्वामित्वहक्क करारानंतर अनेक देशांच्या कायद्यांत स्वतंत्र गुन्हा किंवा अपकृत्य मानला गेला आहे. जुनी फाइल अनोळखी संकेतस्थळांवरूनही पुन्हा उतरवू नये. तिच्यात काय घुसवले आहे ते कळत नाही आणि तिच्यामुळे आपला मूळचा स्वच्छ पुरावा गढूळ होतो.

पत्र पाठवण्याआधी सहायकाच्या संगणकावरचा संच काढून टाकावा आणि त्याला त्या कामाची गरज असेल तर त्याच्यासाठी चालू आवृत्तीचा एक परवाना विकत घ्यावा. त्याचे बिल जे आहे ते त्याच तारखेचे म्हणून फाइलला लावावे. २०१९ पासूनच्या त्या प्रतीबद्दल कंपनीने थेट विचारले तर खोटे सांगू नये, पण उत्तर लिहिण्यापूर्वी परवान्याचा मजकूर व कराराची प्रत घेऊन आपल्या वकिलाला प्रत्यक्ष दाखवावी.