डॉक्टरांना खरं सांगितलं आणि घरी कळलं तर?

हा प्रश्न लातूरहून येवो, परभणीहून येवो की अंबाजोगाईहून, त्यामागची भीती एकच असते. आपल्याकडं डॉक्टर नुसता डॉक्टर नसतो. तो वडिलांचा वर्गमित्र असतो, मामाच्या सोयऱ्यातला असतो, त्याच्या दवाखान्यातली सिस्टर आपल्याच गल्लीत राहते. समलिंगी मुलामुलींना आजारापेक्षा केसपेपरची धास्ती जास्त वाटते, ती काही उगीच नाही.

सुजाताचंच सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औसा तालुक्यातली मुलगी, लातुरात नोकरी. पाळी सुरू झाली की दहा-बारा दिवस थांबायची नाही. दवाखान्यात खिडकीवरच, सगळ्यांदेखत, "लग्न झालंय का?" म्हणून विचारलं. आत डॉक्टरांनी "कुणाशी संबंध आहेत का?" विचारल्यावर तिनं खरं ते सांगितलं, माझी जोडीदार मुलगी आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. तपासणी राहिली बाजूलाच. "लग्न झालं की पाळीही सुधारेल आणि डोकंही," एवढं ऐकवून तिला परत पाठवलं. संध्याकाळी मामाचा फोन आला. डॉक्टर मामाच्या ओळखीचे होते.

त्यानंतर तिनं दवाखान्याची पायरी चढायची सोडली. माझ्याकडं समुपदेशनाला आली ती रक्तस्रावासाठी नव्हे, मामा स्थळं आणायला लागला म्हणून. बोलता बोलता पाणी घ्यायला उठली आणि खुर्चीला धरून तशीच उभी राहिली. "काही नाही मॅडम, जिना चढला की दम लागायलाय, चक्कर यायली." नखं पांढरीफटक. मी स्थळांचा विषय तिथंच थांबवला आणि आधी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं.

एका डॉक्टरच्या शेऱ्यापायी मुलगी अंगातलं रक्त संपेपर्यंत गप्प राहिली. याचा मला आजही राग येतो.

तिची परवानगी घेऊन, तिचं नाव न सांगता, मी दुसऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन केला. मुलगी अविवाहित आहे, पुरुषाशी संबंध नाही, जोडीदार मुलगी आहे, नीट तपासाल का? क्षणभर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "जोडीदाराला सोबत यायचं असेल तर येऊ द्या." पोटावरून सोनोग्राफी झाली, गर्भाशयात गाठ दिसली, लोहाची इंजेक्शनं सुरू झाली. बाईंनी तिला आणखी एक गोष्ट समजावली. पुरुषाशी संबंध नाही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका नाही, असं नसतं. त्याचा विषाणू बाईकडून बाईलाही लागू शकतो, म्हणून तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही.

त्याच बाई मला पुढं म्हणाल्या, "समलिंगी संबंधांबद्दल आम्ही शिकलो ते न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, गुन्ह्यांच्या प्रकरणात." पटण्यासारखं आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीनं असलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, तरी 2024 च्या वैद्यकीय अभ्यासक्रमात समलिंगी स्त्रियांचे संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांत घातले गेले होते. ओरड झाल्यावर ते मागं घेतलं. असं शिकून आलेल्या डॉक्टरकडं समज कमी असणार, हे मी मान्य करते. पण मामाला फोन लावायला त्याला कुठल्याच पुस्तकानं सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारनियमांनुसार, न्यायालयानं विचारलं, कुणाला गंभीर धोका असला किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार निघाला तरच रुग्णाची गोष्ट बाहेर सांगता येते. सज्ञान मुलीचा मामा यात कुठंच बसत नाही.

मामाला पुढं तिला 'बरं करायला' मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यायचं होतं. समलिंगी असणं हा आजार नाही हे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्येच सांगितलंय, आणि असे 'उपचार' करणं 2022 पासून डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरतं. हे सगळं मी तिच्या आईसमोर, सुजाताच्या संमतीनं, मांडलं. आईनं बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी हिचं रक्त भरून येऊ द्या. भावाला काय सांगायचं ते मी बघते." आईला सगळं पटलंय असं नाही. पण इंजेक्शनच्या दिवशी तीच सोबत जाते.

तर, सांगायचं का? दाढ दुखत असेल तर गरज नाही. पाळी, अंगावरून जाणं, गुप्तांगाचा त्रास, लैंगिक आजार, मनाची घालमेल यांपैकी काही असेल तर सांगितल्यानं उपचार नीट होतात. पण आधी डॉक्टरांनाच विचारा, "मी जे सांगेन ते घरच्यांना कळवणार का? केसपेपरवर काय लिहिणार?" उत्तर सरळ आलं नाही तर तिथं गप्प राहा आणि डॉक्टर बदला, उपचार मात्र सोडू नका. एकट्यानं जमत नसेल तर समुपदेशकाला आधी फोन करायला लावा. रात्री-अपरात्री मन थाऱ्यावर नसेल तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गोपनीयता मोडली तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडं तक्रार करता येते. सुजाताचा अर्ज आम्ही मिळून लिहून ठेवलाय. पाठवायचा की नाही, ते ती ठरवेल.