जंतू चांगले कसे, आणि ते ‘वाढवतात’ काय?

दादरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी तक्त्यावर लिहिलं, ‘आतड्यातले चांगले जंतू रोगप्रतिकारशक्ती वाढवतात.’ सासूबाईंनी वाचलं आणि विचारलं, ‘जंतू कधी चांगले असतात का गं?’ तेव्हा शब्द बदलावा का, आणि मुळात वाक्य बरोबर आहे का?

ताई, सासूबाईंचा कान पक्का आहे. संस्कृतात ‘जन्तु’ म्हणजे नुसता जन्माला आलेला जीव. गीतेच्या पाचव्या अध्यायात ‘तेन मुह्यन्ति जन्तवः’ येतं, तिथले जंतू म्हणजे आपण माणसंच. मराठीत त्याच शब्दाचा ‘जंत’ झाला आणि तो पोरांच्या पोटात जाऊन बसला. मग जंतुनाशक, जंतुसंसर्ग, निर्जंतुक असे शब्द आले. घराघरात ‘जंतू’ पोचला तो आजाराचं बोट धरूनच. म्हणून ‘चांगले जंतू’ खटकतं. ‘जिवाणू’ लिहा, त्याला हा डाग नाही. फक्त विषाणूशी गल्लत करू नका, ती जात निराळी. जीवशास्त्राच्या पुस्तकात अशा सोबत्यांना ‘सहभोजी’ही म्हणतात. एका पंगतीला जेवणारे! मला हा शब्द फार आवडतो, पण तक्त्यावर तो समजावून सांगावा लागेल.

माझा खरा आक्षेप ‘वाढवतात’वर आहे.

त्यात तथ्य नाही असं नाही. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यातली प्रतिकाराची व्यवस्था खुरटलेली राहते, आयजीए नावाचं प्रतिपिंड (जंतूंना चिकटून त्यांना रोखणारं प्रथिन) फारच कमी तयार होतं. जिवाणू आत सोडले की ती भरू लागते. पण ही निम्मीच गोष्ट झाली. प्रतिकार जितका जास्त तितका चांगला, असं नसतं. अन्नातल्या निरुपद्रवी पदार्थावर किंवा स्वतःच्याच आतड्यावर प्रतिकाराच्या पेशी तुटून पडल्या, तर तोही आजारच.

इथे जिवाणू काय करतात ते पाहा. ज्वारीची भाकरी, कांदा, लसूण यांतला तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्ल निघतं. (हे नाव लोण्याच्या ग्रीक-लॅटिन शब्दावरून आलंय.) 2013 मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसलं की ब्युटिरेटमुळे कोवळ्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार) ‘नियामक टी पेशी’ होण्याकडे वळतात. या पेशींचं काम बाकीच्यांना आवर घालण्याचं. त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना 2025 चं नोबेल मिळालं.

आपण ‘उत्साहावर विरजण पडलं’ म्हणतो तेव्हा हळहळ असते. इथे पेशींच्या अति उत्साहावर विरजण पडतं आणि तेच हवं असतं. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून पातेलं झाकून ठेवणाऱ्या कुणालाही हे पटेल: दूध वाढत नाही, विरजतं. त्याचा पोतच बदलतो.

दही आणि पेशी यांचं नातं एका माणसात एकत्र आलं होतं. जीवशास्त्रज्ञ एली मेच्निकोव्ह यांनी 1882 मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि काट्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षक पेशी, म्हणजे बाहेरून शिरलेलं गिळणाऱ्या प्रतिकाराच्या पेशी, पाहिल्या. 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते आंबवलेल्या दुधाचेही मोठे पुरस्कर्ते होते. त्यांचेच शिष्य वॉल्डेमार हाफकिन यांनी 1897 मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली; परळच्या हाफकिन संस्थेचं नाव त्यांचंच. मेच्निकोव्हना मात्र वाटायचं की दह्यातले जिवाणू आतड्यातल्या घातक जिवाणूंना हटवतात, म्हणून गुणकारी. जिवाणू थेट पेशींनाच घडवतात, हे गेल्या काही दशकांत उलगडलं.

या घडवण्याला मराठीत नेमकं क्रियापद आहे: वळण लावणे. त्यात शिकवणं आलं, बळ देणं आलं आणि आवरणंही आलं. ‘वाढवतात’ऐवजी ‘प्रभावित करतात’ असंही लिहिता येईल, पण ते शब्द बरोबर असले तरी त्यांतून काय घडतं ते कळत नाही. तेव्हा तक्त्यावर असं लिहा: ‘आतड्यातले जिवाणू रोगप्रतिकारक पेशींना वळण लावतात: कुणाशी लढायचं आणि कुठे थांबायचं.’ आणि टांगण्याआधी सासूबाईंना एकदा वाचून दाखवा.