हवामान बदलाबाबत कंपन्यांच्या दबावाखाली सरकारे काहीच करत नाहीत, या रागाचे काय करावे?

आपण विचारले आहे की, हवामान बदलाची कारणे इतकी स्पष्ट असताना सरकारे बड्या कंपन्यांपुढे हातावर हात ठेवून बसतात, याची चीड येते. तर त्या चिडीचे करायचे काय? मी सांगलीत, कृष्णेच्या काठापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. 2019 च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पुरुषभर पाणी होते आणि गाळाची रेघ, दोनदा रंग देऊनही, कपाटामागच्या भिंतीवर अजून दिसते. तेव्हा ही चीड मला परकी नाही. ‘हातावर हात ठेवून’ हे मात्र मला पटत नाही. काही होऊ नये यासाठीही बरीच खटपट करावी लागते, आणि ती रीतसर कागदोपत्री केली जाते.

आमच्या कृष्णा-कोयनेचे पाणी ज्या डोंगरांतून येते, त्या पश्चिम घाटाचेच पाहा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 मध्ये घाटाच्या संरक्षणाबाबत अहवाल दिला आणि जवळजवळ सगळाच घाट संवेदनशील मानला. तो लोकांसमोर यायला माहिती अधिकाराचा अर्ज आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला. मग कस्तुरीरंगन समिती आली आणि तिने हे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे 37 टक्क्यांवर आणले. त्यावर 2014 मध्ये अधिसूचनेचा मसुदा निघाला, मुदत संपली म्हणून पुन्हा निघाला, आणि असे करता करता 2024 पर्यंत सहा वेळा निघाला. या काळात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली (जुलै 2021). सहाव्या मसुद्यावरची तारीख 31 जुलै 2024 आहे. केरळमधील वायनाडची दरड आदल्याच दिवशी कोसळली होती. या मसुद्यांत बंदी प्रामुख्याने खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि मोठी बांधकामे यांवर आहे. पण गावागावांत पोहोचले ते एवढेच की, ‘आता शेती करता येणार नाही, घर बांधता येणार नाही.’ गावकऱ्यांची भीती मी खोटी म्हणत नाही, कारण त्यांना विश्वासात कोणी घेतलेच नाही. परंतु त्या भीतीच्या आडोशाला खाणमालक निवांत बसले, हेही खरे.

आता दबाव म्हणजे काय, ते पाहू. कंपन्यांनी राजकीय पक्षांना द्यायच्या देणगीवर पूर्वी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. ती 2017 मध्ये काढण्यात आली आणि निवडणूक रोख्यांमुळे (बँकेतून घेऊन पक्षाला द्यायचे निनावी रोखे) देणाऱ्याचे नावही झाकले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ही योजना रद्द केल्यावर जी यादी बाहेर आली, तिच्यात खाणकाम, वीज आणि पायाभूत सुविधा क्षेत्रांतील कंपन्या ठळकपणे होत्या. कोणत्या देणगीच्या बदल्यात कोणती परवानगी मिळाली, हे त्या यादीवरून सिद्ध होत नाही, आणि तसा आरोप मी करत नाही. मतदाराला इतकी वर्षे हे विचारण्याचीही सोय नव्हती, एवढेच म्हणणे आहे. परदेशातही चित्र फारसे वेगळे नाही: एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीचे बरेचसे अचूक अंदाज बांधले होते, आणि तीच कंपनी नंतर कित्येक वर्षे या विज्ञानाविषयी जाहीरपणे शंका घेत राहिली. आपण मात्र बाजारात कापडी पिशवी विसरलो म्हणून स्वतःलाच बोल लावतो!

सांगलीत या सगळ्याला आणखी एक पदर आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. दर मोठ्या पुरानंतर येथे चर्चा कृष्णेवरच्या, कर्नाटकातील अलमट्टी धरणावर जाऊन थांबते. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नाही. कमी वेळात झालेली अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले. पण शेजारच्या राज्याला दोष देणे प्रत्येक पक्षाला परवडते, निळ्या पूररेषेच्या (नदीकाठी जिच्या आत बांधकामाला मनाई असते ती रेषा) आत भराव टाकणाऱ्या आपल्याच माणसाला अडवणे परवडत नाही. अशाच एका भरावाबद्दल मी एका कार्यालयात अर्ज दिला होता. तीन महिन्यांनी उत्तर आले की, विषय आमच्या अखत्यारीत येत नाही, आणि ज्या कार्यालयाकडे जाण्यास सुचवले होते, त्यांनी मला पुन्हा पहिल्याकडे धाडले. भराव आता सपाट झाला आहे आणि पावसाळा सोडून तिथे गाड्या लागतात.

म्हणून माझा सल्ला इतकाच की, राग ‘सरकार’ नावाच्या मोघम वस्तूवर न काढता एखाद्या विशिष्ट कागदावर काढावा. अशा मसुद्यांवर हरकती व सूचना पाठवण्यासाठी साधारणतः 60 दिवस मिळतात आणि त्या साध्या मराठीत, ईमेलनेही पाठवता येतात. ग्रामसभेचा ठराव जोडला तर हरकतीला वजन येते, आणि खाणीची जनसुनावणी असेल तर तेथे बोललेले इतिवृत्तात येईल हे पाहावे. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 (समानता) व 21 (जीविताचा हक्क) मध्ये मान्य केला आहे. त्या निकालाचा उल्लेख अर्जात अवश्य करावा. याने भराव उठेल, अशी हमी मी देऊ शकत नाही. माझ्या अर्जाने उठला नाही. आपल्या भागातील एखाद्या मसुद्यावर हरकत लिहायची असल्यास कळवावे, माझ्या अर्जाची नमुना प्रत मी पाठवीन.