रेनडिअरच्या मांसातलं सिझियम

प्रश्न : १९८६च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर नॉर्वे-स्वीडनमधल्या सामी या रेनडिअर पाळणाऱ्या आदिवासी लोकांच्या रेनडिअरच्या मांसात एवढं किरणोत्सारी सिझियम कुठून आलं? ते काढता येतं का?

उत्तर : दगडफुलातून. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या या भाऊबंदांना मुळं नसतात. पोषण हवा-पावसातूनच मिळतं. त्यामुळे पावसाबरोबर पडलेलं सिझियम-१३७ त्यांत थेट साठलं, आणि रेनडिअर हिवाळ्यात मुख्यतः तेच खातो.

कत्तलीआधी स्वच्छ चारा दिला, तर जनावरातलं सिझियम साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं. चाऱ्यात प्रशियन ब्लू हे निळं रंगद्रव्य मिसळलं, की सिझियम आतड्यातच बांधलं जाऊन शेणावाटे जातं. मात्र रेनडिअरने अळंबी खाल्ली, की पातळी पुन्हा चढते. घरी मांसाचे लहान तुकडे मिठाच्या पाण्यात उकळून पाणी फेकावं. रस्सा केला, तर सिझियम त्यातच राहतं.

नॉर्वेने १९८६मध्ये या मांसातल्या सिझियमची मर्यादा किलोला ६,००० बेकरेलपर्यंत (बेकरेल म्हणजे किरणोत्साराचं एकक) वाढवली. आमच्या मते ते योग्यच होतं, कारण सामींची उपजीविकाच पणाला लागली होती.