तलवारींच्या राणीचा डावा हात

प्रिय मुली,

टॅरोमध्ये कोर्ट कार्ड, म्हणजे राजा, राणी, नाइट किंवा पेज यांचं कार्ड, निघालं की गाडी अडते, असं तू लिहिलं आहेस. साहजिक आहे. बाकीच्या कार्डांत काहीतरी घडत असतं: कुणी होडीतून पलीकडे चाललंय, कुणी ओझं वाहतंय, कुणी बुरुजावरून कोसळतंय. कोर्ट कार्डात मात्र एकच व्यक्ती असते, बसलेली, उभी किंवा घोड्यावर, आणि आपण लगेच तिची ओळख पटवायला धावतो. ही कोण? सासू, बॉस, जुना मित्र? त्या घाईतच रीडिंग हातातून निसटतं.

तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न होता, भावाबरोबरच्या व्यवसायातून बाहेर पडू का. तू तीन कार्डं मांडलीस: टू ऑफ सोर्ड्स, क्वीन ऑफ सोर्ड्स (तलवारींची राणी), थ्री ऑफ पेंटॅकल्स (पेंटॅकल्स म्हणजे नाणी). मधल्या राणीकडे बघून तू म्हणालीस, ‘तुम्हा दोघांच्या मध्ये एक कडक, दुखावलेली बाई आहे.’ मैत्रिणीनं तत्काळ वहिनीचं नाव घेतलं आणि मग सगळा वेळ वहिनीवरच बोलणं झालं. भावाशी काय बोलायचं, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. म्हणून आज फक्त या राणीबद्दल लिहिते. टॅरोच्या 78 कार्डांमध्ये हिच्याइतका अन्याय फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

कार्ड समोर घे आणि आधी अर्थ न आठवता नुसतं बघ. मी रायडर-वेट डेकबद्दल, म्हणजे त्या नावाच्या कार्डांच्या संचाबद्दल बोलतेय, 1909 साली लंडनमध्ये निघालेला. त्याची आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, पण चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. कार्डाच्या कोपऱ्यात त्यांच्या सहीची वेलांटीदार खूण दिसते, ती शोध. कितीतरी वर्षं हा डेक फक्त प्रकाशकाच्या आणि वेट यांच्या नावानं ओळखला गेला, चित्रकर्तीचं नाव कुणी घेतही नव्हतं. मला ते अजून खुपतं, कारण आपण जे वाचतो ते बहुतांशी तिनं काढलेलं असतं.

राणी एका बाजूला तोंड करून बसली आहे, आपल्या उजवीकडे बघत. उजव्या हातात तलवार, अगदी सरळ उभी, मूठ सिंहासनाच्या हातावर टेकलेली. तलवार उगारलेली नाही, हे नीट बघ. मुकुटावर फुलपाखरं, सिंहासनाच्या कोरीव कामातही फुलपाखरं आणि पंख असलेला बालकाचा चेहरा. अंगावरच्या वस्त्रावर ढग. खाली क्षितिजाजवळही ढगांची दाटी आहे, पण तिचं डोकं आणि तलवारीचं टोक त्या ढगांच्या वर, मोकळ्या आकाशात आहे. तिथे एकच पक्षी उडतोय.

आणि डावा हात. तो पुढे केलेला आहे, बोटं मोकळी. जवळपास सगळे नवशिके तलवार बघतात आणि हा हात सोडून देतात.

वेट यांनी स्वतः या राणीबद्दल जे लिहिलं ते फार उदास आहे: वैधव्य, वियोग, अभाव, शोक. तिच्या चेहऱ्यावर दुःखाची ओळख दिसते, असंही त्यांनी म्हटलंय, आणि ते निरीक्षण मला पटतं. पण वैधव्य हा अर्थ पत्त्यांवरून भविष्य सांगण्याच्या जुन्या प्रथेतून आलेला आहे आणि तो आजही अनेक जण जसाच्या तसा सांगतात. तू हे कधीही करू नकोस. एका कार्डावरून कुणाच्या नवऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला नाही, आणि चित्रात तसं काही दिसतही नाही. त्याच काळात माणसाचं वय आणि केसांचा-डोळ्यांचा रंग बघून त्याच्यासाठी कोर्ट कार्ड निवडायची रीत होती: चाळिशीपुढच्या स्त्रीला राणी, तरुणीला पेज, असं. तीही सोडून दे. माणसं अशी रंगावरून ओळखू येत नाहीत.

आता खरी गंमत सांगते. सोर्ड्सच्या टू, एट आणि नाइन या कार्डांमधल्या स्त्रिया वेगळ्या काढ आणि राणीशेजारी ओळीनं ठेव. टू ऑफ सोर्ड्समधली डोळ्यांवर पट्टी बांधून बसली आहे, दोन्ही हात छातीवर फुली करून, दोन्ही हातांत तलवारी. एटमधली पट्टी बांधलेली आहेच, वर जखडलेलीही. नाइनमधली रात्री अंथरुणात उठून बसली आहे आणि तिनं तोंड दोन्ही हातांत लपवलंय. म्हणजे तिघींचेही डोळे झाकलेले आणि तिघींचेही हात अडकलेले. मग येते राणी. डोळे उघडे, दोन्ही हात मोकळे, आणि तलवार तिच्याभोवती नाही, तिच्या ताब्यात आहे. तिच्या डाव्या मनगटाला एक गोंड्यासारखी दोरी लटकलेली दिसेल. कापलेल्या बंधनाचा तो उरलेला तुकडा आहे असं काही जण मानतात. चित्रकर्तीच्या मनात तेच होतं का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. एट ऑफ सोर्ड्स शेजारी असताना मला तो अर्थ अगदी जिवंत वाटतो.

म्हणून माझ्यासाठी ही दुःखी बाई नाही. दुःखातून गेलेली, आणि आता स्वतःलाही फसवायचं नाही असं ठरवलेली बाई आहे. तलवार म्हणते, गोलमोल बोलू नका. डावा हात म्हणतो, पण बोला, मी ऐकतेय. हे दोन्ही एकत्र वाचलंस तरच कार्ड वाचलंस. नुसती तलवार वाचलीस की कजाग बाई हाती लागते, नुसता हात वाचलास की समजूतदार मावशी.

गोल्डन डॉन या गूढविद्येच्या जुन्या इंग्लिश मंडळाच्या पद्धतीत हिला वायूतलं जल म्हणतात: सोर्ड्स म्हणजे वायू, म्हणजे विचार आणि वाणी, आणि राणी म्हणजे जल, म्हणजे भावना. ढग हे वायूतलं जलच की. तिनं भावना टाकून दिलेल्या नाहीत, त्या अंगावर पांघरल्या आहेत. शब्द निवडताना मात्र ती त्यांच्या वर डोकं ठेवते. ‘थंड काळजाची’ असं तिला म्हणणाऱ्यांनी ते वस्त्र बघितलेलं नसतं.

बाकीच्या राण्या काय बघतात तेही बघ. कप्सची राणी हातातल्या झाकणाच्या पात्रात गुंतली आहे, पेंटॅकल्सची मांडीवरच्या नाण्यात. सोर्ड्सची राणी हातातल्या वस्तूकडे बघतच नाही. तिची नजर कार्डाच्या चौकटीबाहेर जाते, म्हणून तिच्या पुढ्यात कोणतं कार्ड पडलंय याला फार महत्त्व द्यायचं.

आता तुझ्या मांडणीकडे ये. डावीकडे टू ऑफ सोर्ड्स: मैत्रीण दोन्ही बाजू छातीशी धरून बसली आहे आणि बघायचं टाळतेय. मध्ये राणी. उजवीकडे, बरोबर तिच्या नजरेच्या आणि डाव्या हाताच्या दिशेला, थ्री ऑफ पेंटॅकल्स. त्या कार्डात काय आहे? एक कारागीर बाकावर उभा आहे, समोर दोघं जण, आणि त्यांच्याकडे कामाचा आराखडा आहे. तिघं मिळून एका कामाबद्दल बोलताहेत आणि कागद उघडलेला आहे. ‘बाहेर पड’ किंवा ‘राहा’ असं काही मला इथे दिसत नाही. मला दिसतं ते असं: पट्टी काढ, भावासमोर बस, कुणाचं काम काय आणि कुणाचा वाटा किती हे स्पष्ट शब्दांत बोल आणि कागदावर घे. त्यानंतर राहायचं की नाही हे तिचं तिला कळेल. आणि यात वहिनी कुठेच नाही.

कोर्ट कार्ड आलं की मी आधी विचारते, ही कोणती वागण्याची रीत आहे आणि प्रश्न विचारणाऱ्याला ती हवी आहे का. त्यानंतर, ही रीत त्याच्या स्वभावात आधीच आहे आणि दबली आहे का. तिसरी व्यक्ती मी अगदी शेवटी शोधते, आणि तीही समोरच्यानं आपणहून कुणाचा उल्लेख केला तरच. आपण नाव सुचवलं की माणूस त्या नावाला घट्ट धरतो, कारण दोष दुसऱ्यावर गेला की स्वतःला काही करावं लागत नाही.

राणी उलटी पडली तर घाबरून जाऊ नकोस. कार्ड फिरवून बघ: तलवारीचं टोक खाली जातं आणि ढग वर येतात. मग स्पष्टपणाच्या जागी टोचून बोलणं असतं, किंवा मनात सगळं तयार असून तोंड न उघडणं. दोन्हींतलं कोणतं, हे समोरच्याच्या बोलण्यावरून ओळखू येतं. मोठ्या आवाजात ठामपणे सांगणारी माणसंसुद्धा पुष्कळदा दुसऱ्या प्रकारात असतात.

मैत्रिणीसाठी नवीन कार्डं काढू नकोस. तीच तीन पुन्हा तिच्यासमोर ठेव. वहिनीचा विषय तुझ्या वाक्यामुळे निघाला होता, तेव्हा तो आधी तूच मागे घे, सरळ शब्दांत. मग राणीच्या त्या हातावर बोट ठेवून तिला विचार, ‘भावाला सांगायचं राहिलेलं असं कोणतं वाक्य आहे?’ आणि गप्प बस. ती विषय बदलेल, हसेल, कदाचित चिडेल. तरी मध्ये बोलू नकोस. ती जे वाक्य उच्चारेल ते तिला स्वतःच्या हातानं लिहून काढायला सांग.

तुझी,
ताई