सहा वर्षं उभी असलेली स्टिंग रे घ्यावी का?

प्रश्न : स.न.वि.वि. आमच्या ओळखीच्या एका अमेरिकन आजोबांनी त्यांची 1967 ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे विकायला काढली आहे. निळी कूपे (पक्क्या टपाची), 327 घनइंचांचं इंजिन, चार गिअर. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, पण सहा वर्षं रस्त्यावर आलेली नाही. रंग आरशासारखा चकाकतो. ‘बॉडी फायबरग्लासची आहे, गंज लागतच नाही,’ असं ते सांगतात. बयाणा देऊन टाकू का?
– एक वाचक भगिनी, कोलंबस, ओहायो

उत्तर : ताई, बयाणा आठवडाभर थांबू द्या. तुमचं पत्र वाचून मला माझी 1966 ची कन्व्हर्टिबल (टप उघडणारी) कॉर्व्हेट आठवली. तीही अशीच झाकून ठेवलेली, नवरीसारखी नटलेली. घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात सिग्नलपाशी ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला टेकलं. हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली. शेजारच्या सीटवर माझी मुलगी होती.

कॉर्व्हेटला 1965 पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. डिस्कला चिमटून धरणारे जबडे, म्हणजे कॅलिपर, लोखंडी; प्रत्येकात चार पिस्टन. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी नुसती उभी राहिली की त्या ओलीनं पिस्टनची घरं आतून गंजतात, खड्डे पडतात आणि सील धरेनासं होतं. मग ऑइल गळतं, आत हवा शिरते. यावर उपाय म्हणजे कॅलिपरला आतून स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्ह (नळ्या) बसवून घेणं. ते काम झालंय का, आजोबांना विचारा आणि पावती बघा. झालं नसेल तर गाडी ट्रकवर चढवूनच घरी आणा. चालवत आणू नका, अगदी दोन मैलसुद्धा.

गंजाचं आजोबा म्हणतात ते अर्धंच खरं. वरचं कवच फायबरग्लासचं, पण खालची चासी पोलादी, आणि पुढच्या काचेभोवतीचा व दारांभोवतीचा सांगाडाही पोलादीच. त्याला इथे ‘बर्डकेज’, म्हणजे पक्ष्याचा पिंजरा, म्हणतात. तुमच्या ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि काचेच्या कडेनं झिरपलेलं पाणीही याच पिंजऱ्यात उतरतं. पुढे पाय ठेवतो तिथलं बाजूचं पॅनेल स्क्रू काढून सोडवा, टॉर्च मारा, काचेलगतच्या खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. पोपडे सुटले, तर रंग कितीही चकाकू दे, माझ्या मते गाडी सोडून द्या. हा सांगाडा दुरुस्त करायचा म्हणजे काच काढून फायबर उकलावं लागतं.

आता इंजिन. गाडीचा नंबर (नंबर प्लेटवरचा नव्हे, कारखान्यानं दिलेला) ग्लोव्हबॉक्सखालच्या पट्टीवर आहे. त्यातले शेवटचे सहा आकडे इंजिनावर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यातल्या सपाट जागेवर ठोकलेले असतात. ते जुळले, म्हणजे इंजिन मूळचंच असलं, तर चांगलंच. पण त्या जागेवर कारखान्यातल्या बारीक समांतर रेघाही दिसायला हव्यात. रेघा घासून गुळगुळीत झाल्या असतील, तर आकडे मागाहून ठोकले असण्याचा संशय घ्यावा. कृपा करून तिथे पॉलिशपेपर लावू देऊ नका, तेलकटपणा कापडानं हलकेच टिपा. त्या काळी गाडीच्या नंबरावरून इंजिन कोणतं ते कळत नसे, ते 1972 पासून सुरू झालं. म्हणून ही जागा इतकी मोलाची. 1967 पासून सेंट लुइसच्या कारखान्यात पेट्रोलच्या टाकीवर ऑर्डरचा कागद चिकटवत. तो शाबूत सापडला तर तुमचं भाग्य!

मी मिशिगनमधल्या फ्लिंटजवळ राहतो, 1953 मध्ये पहिल्या 300 कॉर्व्हेट याच गावात तयार झाल्या. तरीही मला सगळ्यांत देखणी वाटते ती तुमची 67 चीच. पुढच्या फेंडरवर पाच तिरप्या फटी, आणि हँडब्रेक प्रथमच दोन सीटांच्या मधे. त्या वर्षी कूपे निघाल्या अवघ्या 8,504, कन्व्हर्टिबल 14,436. म्हणून मला ही गाडी तुमच्याकडे यावी असं मनापासून वाटतं. पण पिंजरा धड असेल तरच.

टाकीत सहा वर्षांचं पेट्रोल असेल, तेव्हा ते उपसल्याशिवाय आजोबांना हौसेनं स्टार्टर मारू देऊ नका. पॅनेलमागचे फोटो संपादकांकडे पाठवा, बघून लगेच कळवतो.